ढ कशाचा?

“ढ कशाचा?”

मास्तरांची छडी माझ्यावर रोखलेली. मी ओसरीत, दारापासून चार हात लांब, पोत्यावर बसलेला. पोतं घरून आणायचं आणि शाळा सुटली की घरी न्यायचं, शाळेच्या जमिनीला माझं अंग लागायला नको म्हणून. आतली पोरं सतरंजीवर. पुस्तकं त्यांच्याजवळ होती. माझ्याजवळ फक्त कान होते.

“ढ ढगाचा,” मी म्हणालो.

उत्तर बरोबर होतं. आतली पोरं रोज बेंबीच्या देठापासून तेच ओरडायची. ऐकून ऐकून मला सगळी मुळाक्षरं पाठ झाली होती.

“चूक. ढग यांच्यासाठी. तुझा ढ ढोराचा. म्हण.”

आमची जात ढोर. कातडी कमावणारे. ढोर म्हणजे गोठ्यातलं जनावरही, आणि नुसतं ढ म्हटलं तर डोक्यात काही न शिरणारा. मास्तरांनी एका अक्षरात तीन दगड मारले होते आणि स्वतःच्या हुशारीवर ते खूश होते. वर्ग खदाखदा हसला.

“ढ ढोराचा,” मी म्हणालो.

आणि मीही हसलो. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आठ वर्षांचा होतो. सगळे हसतायत तर आपणही हसावं, म्हणजे आपण त्यांच्यातले होऊ, असं वाटलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

मग तो रोजचा नेम झाला. ट, ठ, ड वर्ग म्हणायचा. मग सगळे गप्प व्हायचे. ओसरीतून मी एकट्यानं ओरडायचं, “ढ ढोराचा!” मग वर्ग पुढं, “ण बाणाचा!” पाहुणे आले की मास्तर मुद्दाम मुळाक्षरं म्हणायला लावायचे. मला जणू शाळेत त्याच कामावर ठेवलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे विसाच्या सुमाराची, सोलापुरातली. आमची वस्ती भवानी पेठेच्या पलीकडं. मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं, आम्ही त्याच्याही आधी. चुन्याच्या हौदातली कातडी उन्हं चढायच्या आत उपसावी लागायची. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, विहिरीचं पाणी उपसायच्या मोटा आणि पाणी वाहायच्या पखाली शिवायचे. आसपासच्या पाच गावांच्या विहिरींवर त्यांनी शिवलेली मोट चालायची. त्या विहिरींवर त्यांना पाणी मिळत नव्हतं, ते सांगायला नकोच.

अप्पांना अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी कातडं बाजूला सारून ते मला समोर बसवायचे. “म्हन बगू, आज काय शिकिवलं?” मी म्हणायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. कळायचं काहीच नाही, पण मान डोलवायचे.

एके दिवशी सवयीनं तोंडून निघून गेलं. “ढ ढोराचा.”

अप्पांनी डोळे उघडले. “काय म्हनलास?”

“ढ ढोराचा.”

“बुकात हाय? छापल्यालं?”

त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, “व्हय.”

इतका उजळलेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. म्हणून खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी वस्तीत बातमी. सरकारच्या बुकात आपलं नाव हाय! अप्पा हौदावर सांगत होते, बाजारात सांगत होते. म्हाताऱ्या मला जवळ घेऊन कानशिलावर बोटं मोडत होत्या. मी काय करून बसलो हे मला कळत होतं, पण आता तोंड उघडायचं कसं?

आठवड्यानं अप्पा शाळेत आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात मास्तरांसाठी नव्या वहाणा. पायऱ्यांच्या खाली उभे राहिले. वहाणा पायरीवर ठेवल्या आणि मागं सरले.

“मास्तर,” ते म्हणाले, “आमच्या लोकांचं नाव छापलंय ती जागा तेवडी दावा की. हात न्हाय लावत. लांबनंच बगतो.”

मास्तरांना आधी समजेना. मग समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि मिशीत हसले. एका पोराच्या हातातलं पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि लांबूनच अप्पांसमोर धरलं.

“हे बघ. हीच ती जागा.”

अप्पांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. “मास्तर, हितं तर आभाळ काडलंय. ढगं हायती.”

“तेच तर! तुमची जात आभाळाला जाऊन भिडली!”

वर्ग फुटला. पोरं सतरंजीवर लोळायला लागली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, उपरण्यानं पुसत होते. अप्पा आधी त्या हसण्याबरोबर थोडं हसले. आपलं काही चुकलं असेल, म्हणून. मग थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी मान खाली घातली. ते गेले. वहाणा पायरीवरच राहिल्या, आणि मास्तरांनी त्या पुढं चांगल्या दोन वर्षं वापरल्या.

त्या दिवसानंतर अप्पांनी मला कधी समोर बसवलं नाही. काय शिकिवलं, म्हणून विचारलं नाही. शाळा सोड असंही म्हणाले नाहीत.

मी शिकलो तो विद्येच्या प्रेमानं नाही, संतापानं शिकलो. ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीही आभाळ दाखवून हसू शकतो, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुड्यांचे कागद वाचले, दुकानांच्या पाट्या वाचल्या, मिलच्या फाटकावरच्या नोटिसा वाचल्या. मराठी सातवी पास झालो. आणि आमच्याच वस्तीजवळच्या, आमच्याच लोकांच्या पोरांसाठी काढलेल्या शाळेत मास्तर झालो. अप्पा तोवर गेले होते. आई चुन्याच्या हौदातून बाहेर निघाली, ती माझ्या नोकरीमुळं. तिच्या पायांची सालटी निघायची ती थांबली.

आता तुम्हाला वाटेल, असा मास्तर पोरांना किती मायेनं शिकवत असेल. नाही. मी छडी घेऊनच वर्गात शिरलो. मला दुसरी शाळा ठाऊकच नव्हती. मास्तर म्हणजे छडी आणि वाचन म्हणजे घोकंपट्टी. बावीस पोरं आणि पुस्तकं सहा. पोरं यायला बघायची नाहीत. वाळत घातलेल्या कातड्यांच्या आड लपायची, मी शोधून कान धरून आणायचो. आणली की पोपटासारखी बोलायची, आणि डोळे दाराबाहेर. बोट एका ओळीवर, तोंडात दुसरीच ओळ. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जीव तोडून वर आलो आणि ह्यांना काही किंमतच नाही!

शिवल्या म्हणून एक पोरगा होता, अकरा वर्षांचा. बाप चुन्याच्या हौदावर. दोन वर्षं शाळेत आणि एक ओळ धड वाचता येत नव्हती. एक दिवस तीच ओळ पाचव्यांदा चुकला आणि मी ओरडलो, “ढ आहेस लेका तू! शुद्ध ढ!”

वर्ग हसला. शिवल्याही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

माझ्या हातातली छडी तशीच राहिली. ते हसणं मला ओळखू आलं. तोंड वासलेलं, डोळे मात्र भ्यालेले. मी ओसरीत तसाच हसलो होतो. माझे ते मास्तर मेले असतील, नसतील. त्यांची गरजच उरली नव्हती. त्यांचं काम आता मी करत होतो, आणि सरकार मला त्याचाच पगार देत होतं. मला स्वतःची शिसारी आली.

त्या दिवशी पोरांना लवकर घरी सोडलं. छडी शेजारच्या म्हातारीला शेळ्या हाकायला दिली.

दुसऱ्या दिवशी पोरांना म्हटलं, “आज पाठ म्हणायचं नाही. मला सांगा, वाचायला नको का वाटतं?”

पोरं छडी कुठं लपवलीय, ते शोधत होती. शेवटी शिवल्याच म्हणाला, “बुकात आमचं काय हाय, मास्तर?”

पुस्तकात आमचं होतं. गावातल्या धंद्यांवर एक धडा होता, त्यात आमच्यावर तीन वाक्यं होती. मी तो धडा दरवर्षी गाळायचो. पोरांना लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला वर्गासमोर तो वाचायची लाज वाटायची.

“आहे,” मी म्हणालो. “हे पान काढ. वाच.”

शिवल्यानं बोट ठेवलं. पहिल्यांदा त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. अक्षर लावता लावता कपाळाला घाम आला. “ढोर... हा... कातडे... उ... क... ळून...” थांबला. बोट मागं नेलं. पुन्हा वाचलं. पुन्हा मागं गेला.

“मास्तर, हे खोटं हाय.”

“का?”

“उकाळलं तर कातडं आकसतंय की! मग मोट कशी व्हनार? चुन्यात घालत्यात. मग बाभळीची साल. ह्येला काय बी म्हाईत न्हाय.”

बावीस डोकी सहा पुस्तकांवर तुटून पडली. उकळून? खरंच उकळून लिवलंय? दाव! ढकलाढकली, भांडणं. दोन वर्षं मी छडीनं जे करू शकलो नव्हतो ते पुस्तकातल्या एका चुकीनं झालं. आपल्याला पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे हे एका पोराला कळलं होतं, आणि ते कळायला आधी वाचावं लागलं होतं.

“पुढं वाच,” मी म्हणालो.

पुढची दोन वाक्यं त्यानं अडखळत वाचली, “त्याच्या घराजवळ दुर्गंधी येते. शहाणी मुले तिकडे जात नाहीत.”

गडबड थांबली. पोरं आपापल्या अंगाकडे बघायला लागली. एक जण हळूच म्हणाला, “वास तर येतोय की.”

तेव्हा मागच्या कोपऱ्यातून मल्लव्वा बोलली. दहा वर्षांची पोर, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि शाळेत मुकी. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

“येतोय,” ती म्हणाली. “पर मास्तर, हे लिवणारा आमच्या घरी आला व्हता का?”

“नाही. नसणार.”

“मग त्याला वास कुठनं आला?”

ती थांबली नाही. “शानी मुलं जात न्हाईत म्हनं. मग वहाणा घ्याया कोण येतंय? येडी?”

पोरं हसली. माझ्या मास्तरांच्या वर्गासारखं नाही. मीही हसलो, आणि हसता हसता रडू आलं, ते खोकल्यावर ढकललं.

तिथून माझी शाळा सुरू झाली. मी काही मोठी विद्या शिकवली नाही. वाचून झालं की विचारायचो, हे कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि तुम्हाला जे माहीत आहे त्याच्याशी जुळतं का? पोरं भोंग्याच्या आधी दारात यायला लागली. नाटकाच्या जाहिराती, मिलच्या नोटिसा, औषधाच्या बाटलीवरचा कागद, जे हाती लागेल ते घेऊन यायची. एकदा मल्लव्वानं जाहीर केलं की बुकातलं सगळंच खोटं. मी म्हटलं, “सगळं? जाऊन बघ. बाभळीचा धडा खोटा आहे का?” ती गेली. हात ओरबाडून आली. “काटं जोडीजोडीनं हायती. त्यो खरा हाय,” म्हणाली. पडल्या चेहऱ्यानं म्हणाली, पण म्हणाली.

वर्षाअखेरी शाळातपासणीचे डेप्युटी आले. आम्ही त्यांना दिपोटी म्हणायचो. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दारात उभे, नाकाला रुमाल. पट्टेवाला छत्री धरून मागं.

“वाचन,” ते म्हणाले. “ती मुलगी. कुठलाही धडा.”

मल्लव्वानं तोच धडा काढला. मी सांगितलं नव्हतं, आणि थांबवलंही नाही. तिनं एक अक्षर न चुकता वाचलं. दिपोटींनी मान हलवली. “छान. बस.”

ती बसली नाही.

“साहेब, तुमी तरी हितं आलाय. हे लिवणारा आमच्या घरी आला व्हता का?”

रुमाल नाकावरून खाली आला.

“ही भाषा कुणी शिकवली हिला?”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही कुठल्या जातीचे?”

सांगितलं.

“तरीच. छडी कुठे आहे?”

“नाही साहेब.”

“मग तोंड तरी आहे ना? मुलीला माफी मागायला लावा. आत्ता, माझ्यासमोर.”

बावीस पोरं माझ्याकडे बघत होती. मल्लव्वा उभीच होती. मी तिला नुसतं नाव घेऊन हाक मारली असती तरी ती माफी मागून खाली बसली असती, आणि पुन्हा कधी बोलली नसती. मला ते स्पष्ट दिसत होतं. आईचे पायही दिसत होते. मी भ्यालो होतो. शूर वगैरे मी नव्हतो.

“साहेब,” मी म्हणालो, “तिनं वाचलं बरोबर. विचारलंही बरोबर. माफी कशाची?”

त्यांनी शेऱ्याची वही मागवली. मग म्हणाले ते शब्द मी जसेच्या तसे लिहितो. “तुम्हा लोकांच्या हातात पुस्तक दिलं, इथंच चुकलं.”

शेरा लिहून ते गेले.

तीन आठवड्यांनी लखोटा आला. त्यात एक तयार मजकूर होता. तो माझ्या अक्षरात उतरवून, सही करून परत पाठवायचा. मग नोकरी राहील. बातमी वस्तीत पसरली होती. संध्याकाळी मल्लव्वाचा बाप, संगप्पा, आमच्या दारात आला. मल्लव्वा त्याच्या मागं.

“मास्तर, लिवून द्या की दोन वळी,” तो म्हणाला. “आपलं काय जातंय? आजवर काय कमी पाय धरलं आपन? तुमची नोकरी ऱ्हाईल. साळा ऱ्हाईल.”

त्याचा मला राग आला नाही. तो खरं तेच सांगत होता.

“काय लिवलंय त्यात?” मल्लव्वानं विचारलं.

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं उजेडाकडं धरला आणि मोठ्यानं वाचला, “माझ्या विद्यार्थिनीने केलेला प्रश्न उद्धटपणाचा होता हे मला मान्य आहे. असे पुन्हा घडणार नाही.” उद्धटपणाचा या शब्दाला अडखळली. मागं जाऊन पुन्हा वाचला. मग घडी घालून कागद मला परत दिला.

“म्हंजे पोरीची चूक, म्हनून लिवायचं?” संगप्पानं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो.

तो उंबऱ्यावर टेकला. आई दारातून म्हणाली, “माझं पाय बगू नगंस. मला चुना काय नवा न्हाय.” तिला मी काहीच विचारलं नव्हतं.

“तुमी शिकल्यालं,” संगप्पा उठता उठता म्हणाला. “तुमीच बगा.” पोरीचा हात धरला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून मल्लव्वा शाळेत आली नाही. लई वाचाय लागली, उद्या नांदंल कशी, असं तो हौदावर म्हणाला म्हणे.

मी तो मजकूर उतरवला नाही. त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, “मुलीने प्रश्न विचारला होता. उत्तर अद्याप आलेले नाही.” खाली सही केली आणि परत पाठवला.

नोकरी गेली. आई पुन्हा हौदात उतरली, आणि तिच्या शेजारी मी. पहिल्या महिन्यात बोटांना भेगा पडल्या, पुस्तकाचं पान उलटताना रक्ताचे डाग पडायचे. शाळेत नवीन मास्तर आला. आमच्यातलाच आहे, गरीब आहे, छडी घेऊन येतो. तोही तो धडा गाळतो, असं शिवल्या सांगतो. शिवल्या आणि आणखी पाच-सहा जण सकाळी कातडी वाळवायच्या मांडवात माझ्याकडं येतात. आम्ही गाळत नाही. तीन वाक्यं तर पोरांना आता तोंडपाठ आहेत, पण ती पाठ म्हणत नाहीत, तपासतात.

लोक म्हणतात, मास्तर, एका पोरीपायी घर बुडवलंस. बुडवलं. मला त्याचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही. आईच्या पायांकडं मला बघवत नाही. पण त्या दिवशी मी मल्लव्वाला खाली बसवलं असतं, तर उरलेल्या जन्मात मी जे काही शिकवलं असतं ते वाचन नसतं. मान खाली घालायची दुसरी एक रीत असती, एवढंच.

मल्लव्वा घरात आहे. भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते. तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. मी दर रविवारी पुस्तक घेऊन तिच्या दारात जातो. गेल्या रविवारी संगप्पानं माझ्या तोंडावर दार लावलं. आतून कडी घातलेली मी ऐकली. मग बाहेरच बसलो, दाराला पाठ लावून, आणि नवा धडा मोठ्यानं वाचला. सगळा, आत ऐकू जाईल असा. येत्या रविवारीही जाणार आहे. ती आतून काहीतरी विचारेपर्यंत जाणार आहे.